किनारपट्टीवरील सुतारकाम आणि कृत्रिम लाकूड : आरे-वारे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

मानवी निवासाच्या इतिहासात लाकडाचे स्थान अनन्यसाधारण आहे. कोकणातील घर म्हटले की जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर आणि साग, फणस अथवा शिवण यांच्या लाकडाची दारे-खिडक्या असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मात्र गेल्या तीन-चार दशकांत या चित्रातील तिसरा घटक झपाट्याने बदलला आहे. सागवानी दाराच्या जागी फ्लश डोअर, फणसाच्या कपाटाच्या जागी प्लायवूड किंवा एमडीएफ आणि न्हाणीघराच्या दाराला डब्ल्यूपीसी किंवा पीव्हीसी, असा हा बदल आहे. कारखान्यात तयार होणाऱ्या या सर्व सामग्रीला सामान्य व्यवहारात ‘कृत्रिम लाकूड’ किंवा ‘लाकडाला पर्याय’ असे म्हटले जाते.

रत्नागिरी शहराच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आरे आणि वारे ही दोन गावे आहेत. डोंगराच्या वळणावरून दिसणारे जुळे समुद्रकिनारे आणि सुरूची बने यांमुळे हा परिसर पर्यटकांना परिचित झाला आहे. अशा ठिकाणी पर्यटनाबरोबर निवासव्यवस्था वाढते, बांधकाम वाढते आणि दारे-खिडक्या व फर्निचर यांची मागणीही वाढते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होणाऱ्या या बांधकामात कोणती सामग्री वापरावी व ती कशी हाताळावी, हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नसून घरमालकाच्या पैशाचा, कारागिराच्या उपजीविकेचा आणि आरोग्याचाही प्रश्न आहे. कृत्रिम लाकडाचे स्वरूप, किनारपट्टीच्या हवामानातील त्याचे वर्तन आणि सुतारकामाच्या पद्धतीत त्यामुळे करावे लागणारे बदल यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. लाकूड टंचाईची ऐतिहासिक पार्श्वभूमी :

रत्नागिरी आणि सागवान यांचा संबंध एका राजकीय घटनेनेही जोडला गेला आहे. १८८५ साली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने सागाच्या ओंडक्यांची संख्या कमी दाखविली असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला दंड ठोठावला. हा वाद तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. पराभूत थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच त्याचे निधन झाले. ज्या लाकडापायी एका राजाचे राज्य गेले, ते लाकूड पुढील शतकभर पश्चिम किनाऱ्यावरील सुतारकामाचे प्रमाण मानले गेले. ‘बर्मा टीक’ हा शब्द आजही दर्जाचा निदर्शक म्हणून वापरला जातो.

स्वातंत्र्योत्तर काळात परिस्थिती बदलत गेली. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर इत्यादी अनुसूचित वृक्ष खाजगी जमिनीवर असले तरी तोडण्यापूर्वी परवानगी आवश्यक ठरली. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाच्या जागी पर्यायी सामग्री वापरण्यास उत्तेजन दिले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने पर्यायी सामग्रीच्या प्रसाराचे काम हाती घेतले. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या कामांत लाकडाच्या वापरावर बंदी घातली. १२ डिसेंबर १९९६ रोजी टी. एन. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे वनांतील तोडीवर आणि लाकूडआधारित उद्योगांवर कडक नियंत्रण आले. पुढे १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबविली.

या क्रमाचा परिणाम स्पष्ट आहे. चांगले इमारती लाकूड महाग व दुर्मिळ झाले आणि कारखान्यातील फलकांनी त्याची जागा घेतली. २०२० मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची लाकूडबंदी उठविण्यात आली. व्यवस्थापित वृक्षलागवडीतून मिळणारे लाकूड हे पुन्हा निर्माण होणारे साधन आहे, हा विचार त्यामागे आहे. तथापि मधल्या 3 दशकांत बाजार आणि कारागिरी या दोहोंनी घेतलेले वळण सहजासहजी मागे फिरणारे नाही.

२. किनारी हवामान आणि लाकडाचे चलन :

लाकूड हा आर्द्रताग्राही पदार्थ आहे. हवा दमट असेल तर ते पाणी शोषून फुगते आणि हवा कोरडी असेल तर पाणी सोडून आकसते. प्रत्येक तापमान व सापेक्ष आर्द्रतेला लाकडातील पाण्याचे एक ठराविक प्रमाण जुळते. त्यास समतोल आर्द्रता म्हणतात. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता ही समतोल आर्द्रता सुमारे १२ टक्के, तर ९० टक्के असता सुमारे २० टक्के असते. रत्नागिरी परिसरात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. साहजिकच येथील लाकूड दरवर्षी फुगण्या-आकसण्याच्या एका मोठ्या चक्रातून जाते.

हे चलन सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीच्या दिशेने ते नगण्य असते, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने मध्यम असते आणि वाढवर्तुळांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सर्वाधिक असते. सागाच्या बाबतीत स्पर्शरेषेच्या दिशेने आर्द्रतेतील प्रत्येक १ टक्का बदलामागे सुमारे ०.२ टक्के चलन होते. म्हणजे त्या पद्धतीने कापलेल्या ४५० मिलिमीटर रुंद फळीतील आर्द्रता ६ टक्क्यांनी वाढली, तर फळी सुमारे ५ मिलिमीटरने रुंदावते. साग हे लाकडांमध्ये स्थिर मानले जाते. इतर अनेक लाकडांत हे प्रमाण याहून अधिक असते.

आरे-वारेसारख्या ठिकाणी आर्द्रतेच्या जोडीला मिठाचा प्रश्न येतो. लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळलेले मीठ दारे-खिडक्यांवर साचते. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळू लागते. म्हणजे पाऊस नसला तरी रात्रीच्या दमट हवेत मीठ बसलेला पृष्ठभाग ओला राहतो. लोखंडी बिजागऱ्या, खिळे आणि स्क्रू गंजण्याचे हे प्रमुख कारण होय. गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडते व ठिसूळ होते, कारण लोहाची लाकडातील टॅनिनशी रासायनिक क्रिया होते.

तिसरा घटक भिंतीचा आहे. जांभा हा सच्छिद्र दगड असून पावसाचे पाणी तो धरून ठेवतो. त्यात बसविलेल्या चौकटीची मागील बाजू भिंतीतून आणि पाय जमिनीतून पाणी घेत राहतात. ओल असेल तेथे बुरशी आणि वाळवी येते. त्यामुळे किनारपट्टीवरील दाराचे आयुष्य बहुधा चौकटीच्या खालच्या वीतभर भागात ठरते.

३. कृत्रिम लाकडाचे प्रमुख प्रकार :

(अ) प्लायवूड : ओंडका फिरवून त्याचे पातळ पापुद्रे काढले जातात आणि एकावर एक, रेषा काटकोनात येतील अशा रीतीने चिकटवून गरम दाबयंत्रात दाबले जातात. प्रत्येक पापुद्रा शेजारच्या पापुद्र्याचे चलन रोखतो, म्हणून प्लायवूड रुंदीत जवळजवळ स्थिर राहते. त्याचा दर्जा प्रामुख्याने चिकटद्रव्यावर ठरतो. आयएस ३०३ या मानकात सर्वसाधारण वापराचे प्लायवूड, तर आयएस ७१० मध्ये मरीन प्लायवूड येते. आसंजकाच्या कसोट्या पाहिल्यास फरक लक्षात येतो. ‘एमआर’ प्रतीचा जोड ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३ तास, ‘बीडब्ल्यूआर’ प्रतीचा जोड उकळत्या पाण्यात ८ तास आणि ‘बीडब्ल्यूपी’ प्रतीचा जोड उकळत्या पाण्यात ७२ तास टिकावा लागतो. पहिल्या प्रकारात सामान्यतः युरिया फॉर्माल्डिहाइड, तर शेवटच्या प्रकारात फिनॉल फॉर्माल्डिहाइड वापरले जाते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उकळत्या पाण्याची कसोटी चिकटद्रव्याची असते, लाकडाची नव्हे. जोड शाबूत राहूनही आतील पापुद्रे कुजू शकतात व त्यांना वाळवी लागू शकते. म्हणून संरक्षक रसायनाची प्रक्रिया हा मरीन प्लायवूडचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

(आ) ब्लॉकबोर्ड व फ्लश डोअर : लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि दोन्ही बाजूंस पापुद्रे, अशी यांची रचना असते. आयएस १६५९ हे ब्लॉकबोर्डचे, तर आयएस २२०२ हे फ्लश डोअरचे मानक होय. दाराच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी लावलेली असते. बिजागरी व कुलूप या पट्टीवर अवलंबून असतात.

(इ) पार्टिकल बोर्ड व एमडीएफ : पार्टिकल बोर्ड लाकडाच्या चुऱ्यापासून तयार होतो. एमडीएफसाठी लाकडाचे तुकडे वाफेत मऊ करून त्यांचे तंतू सुटे केले जातात, त्यांत रेझीन मिसळून वाळविले जाते आणि गादी अंथरून ती गरम दाबयंत्रात दाबली जाते. दाबताना पृष्ठभाग अधिक घट्ट आणि मधला भाग तुलनेने सैल राहतो. त्यामुळे एमडीएफचा चेहरा गुळगुळीत व कणखर असतो, पण कड उघडी राहिल्यास ती टीपकागदासारखी पाणी ओढते. एकदा फुगलेली कड वाळल्यानंतरही पूर्ववत होत नाही, कारण दाबलेले तंतू मोकळे झालेले असतात. लाकूड फुगते व पुन्हा आकसते. एमडीएफ फुगते आणि तसेच राहते.

(ई) डब्ल्यूपीसी व पीव्हीसी फोम बोर्ड : भारतीय बाजारात ‘डब्ल्यूपीसी’ या नावाने मिळणाऱ्या चौकटी व फळ्या बहुतांशी पीव्हीसी, खनिज भरण आणि लाकडाची भुकटी यांच्या मिश्रणातून, आत सूक्ष्म पोकळ्या राहतील अशा रीतीने तयार केलेल्या असतात. त्यांना पाणी व वाळवी यांची भीती जवळजवळ नसते. मात्र त्या उष्णतेने प्रसरण पावतात, लाकडापेक्षा कितीतरी अधिक लवचीक असतात आणि सतत भार राहिल्यास हळूहळू वाकतात.

(उ) बांबूआधारित फलक : बांबूच्या चटया किंवा पट्ट्या रेझीनने जोडून फलक तयार करण्याचे तंत्र भारतात विकसित झाले आहे. १९६२ मध्ये बंगळूर येथे सुरू झालेल्या भारतीय प्लायवूड उद्योग संशोधन संस्थेचे या क्षेत्रातील कार्य महत्त्वाचे आहे. कोकणात माणगा ही भरीव बांबूची जात मोठ्या प्रमाणावर लावली जाते आणि कुडाळ येथील कोकण बांबू व केन विकास केंद्राने बांबूच्या बांधकामास चालना दिली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेल्याने वनाबाहेरील बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली.

परदेशात याहून वेगळा मार्गही अवलंबिला गेला आहे. नेदरलँड्समधील आर्नहेम येथे २००७ पासून रेडिएटा पाइनच्या लाकडावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची प्रक्रिया करून ते व्यापारी प्रमाणावर विकले जाऊ लागले. या प्रक्रियेत लाकडातील पाणी धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट बदलले जातात आणि लाकडाचे चलन व कुजणे दोन्ही मोठ्या प्रमाणात घटतात. परंतु त्यात उरलेल्या आम्लाच्या अंशामुळे साधे पोलादी स्क्रू गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टील वापरावे लागते. कोणतीही नवी सामग्री एक प्रश्न सोडविताना दुसरी शिस्त मागते, हे यावरून दिसून येते.

४. जुना हात, नवी सामग्री :

पारंपरिक सुतारकामाचे सर्व नियम लाकडाच्या चलनातून निर्माण झाले आहेत. दाराच्या पॅनेलला खाचेत मोकळे ठेवायचे आणि सरस लावायचा नाही, कारण ते पावसाळ्यात रुंदावणार आहे. कूस भोकात घट्ट बसवून वर लाकडी खुंटी मारायची, म्हणजे सरस सुटला तरी सांधा सुटत नाही. झडप आणि चौकट यांच्यामध्ये बाजूला फट ठेवायची. वर फारशी गरज नाही, कारण लाकूड लांबीत वाढत नाही. हे ज्ञान ग्रंथात नव्हते, ते पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले.

कृत्रिम लाकडाच्या बाबतीत यांतील काही नियम निरर्थक, तर काही चक्क घातक ठरतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पावसाळ्यात अडकणारे दार. सागवानी दार जुलैमध्ये चौकटीला घासू लागले की सुतार दार उतरवितो, कडेला रंधा मारतो आणि दार पुन्हा बसवितो. उन्हाळ्यात थोडी फट दिसते इतकेच. हाच उपाय फ्लश डोअरवर केला तर कडेच्या पट्टीवरील रंग व लेप निघून जातो आणि पट्टी पातळ होते. उघड्या कडेतून पाणी गाभ्यात शिरते व पापुद्रे सुटू लागतात. दार अधिक फुगते, पुन्हा रंधा मारला जातो आणि दोन-तीन पावसाळ्यांत दार निकामी होते. सागवानी दाराला ज्या हाताने वाचविले, त्याच हाताने फ्लश डोअर मारले जाते. येथे दोष हाताचा नसतो आणि सामग्रीचाही नसतो. एका सामग्रीचा नियम दुसरीला लावल्याचा तो परिणाम असतो.

५. कार्यशाळेतील व्यवहार :

५.१ कापणे : फलकांतील रेझीनमुळे साध्या पोलादी करवतीची धार लवकर जाते. टंगस्टन कार्बाइडच्या दात्यांचे पाते आवश्यक असते. प्लायवूडच्या आडव्या पापुद्र्यांची कड फाटू नये म्हणून कापण्याच्या रेषेवर चाकूने खाच पाडणे किंवा चिकटपट्टी लावणे उपयुक्त ठरते. प्लायवूड व एमडीएफ यांच्या कडेला रंधा मारू नये. काचपेपर किंवा राउटर वापरावा. डब्ल्यूपीसी कापताना पाते एका जागी थांबले तर घर्षणाने सामग्री वितळून पात्याला चिकटते, म्हणून सरक सलग ठेवावी.

५.२ कडा बंद करणे : किनारपट्टीवर हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. फलकाच्या चारही कडा, विशेषतः दाराची खालची कड, भरीव लाकडाच्या पट्टीने किंवा कडपट्टीने बंद कराव्यात आणि त्यावर प्रायमर व रंगाचे थर द्यावेत. दार बसविल्यानंतर खालची कड कोणालाच दिसत नाही, म्हणून ती बहुधा कोरी राहते आणि पाणी तेथूनच चढते. कुलपासाठी पाडलेली खाच, कडीचे भोक आणि बिजागरीची बैठक यांनाही रंग अथवा सीलर लावल्याशिवाय लोखंडी सामान बसवू नये.

५.३ दोन्ही बाजूंचा समतोल : फलकाच्या एकाच बाजूस सनमायका लावल्यास त्या बाजूने ओल शिरत नाही आणि दुसऱ्या बाजूने शिरते. परिणामी फलक पत्रावळीसारखा वाकतो. म्हणून दर्शनी बाजूस जेवढ्या जाडीचा थर, तेवढाच समतोल थर मागील बाजूसही द्यावा.

५.४ सांधे व स्क्रू : एमडीएफमध्ये कूस-भोकाचा पारंपरिक सांधा टिकत नाही, कारण त्यात लांबच लांब धागे नसतात. डॉवेल, बिस्किट जोड किंवा फलकांसाठीचे जाड आट्यांचे स्क्रू वापरावेत. कडेत स्क्रू मारण्यापूर्वी योग्य मापाचे भोक पाडावे, अन्यथा एमडीएफची कड उकलते. डब्ल्यूपीसीमध्ये एकदा घट्ट केलेला स्क्रू पुन्हापुन्हा काढून बसविल्यास आटे झिजतात व पकड जाते. खिळा हातोडीने ठोकणे हा फलकांच्या कामातील सर्वांत कमजोर मार्ग होय.

५.५ लोखंडी सामान : समुद्राजवळ साध्या पोलादाच्या बिजागऱ्या टिकत नाहीत. पितळ किंवा स्टेनलेस स्टील वापरावे. स्टेनलेस स्टीलमध्येही ३१६ प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती ३०४ प्रतीपेक्षा मिठाला अधिक दाद देत नाही. पितळी बिजागरी आणि पोलादी स्क्रू अशी जोडी टाळावी, कारण खाऱ्या ओलाव्यात दोन भिन्न धातूंच्या संपर्काने पोलाद अधिक लवकर गंजते.

५.६ फटीचे गणित : सागाची लांबी उष्णतेने जवळजवळ बदलत नाही. २.१ मीटर उंचीच्या चौकटीत २५ अंश सेल्सिअसच्या फरकाने होणारी वाढ पाव मिलिमीटरहून कमी असते. डब्ल्यूपीसीचा प्रसरणांक दर अंशामागे सुमारे दशलक्षात ६० भाग धरला, तर तेवढ्याच उंचीत तेवढ्याच फरकाने सुमारे ३ मिलिमीटर वाढ होते. पश्चिमेकडे तोंड असलेल्या, गडद रंगाच्या दाराचे तापमान मे महिन्याच्या दुपारी हवेच्या तापमानापेक्षा बरेच वर जाते, हे लक्षात घेतले तर ही वाढ कागदावरची नाही. म्हणजे लाकडाला बाजूची फट लागते ती पावसाळ्यासाठी आणि डब्ल्यूपीसीला वरची फटही लागते ती उन्हाळ्यासाठी. शिवाय डब्ल्यूपीसीचे दार लवचीक असल्याने त्यास तीनऐवजी चार बिजागऱ्या द्याव्यात, मोठ्या दारात धातूची नळी घालावी आणि रंग शक्यतो फिकट ठेवावा.

६. स्थानानुसार निवड :

वरील विवेचनावरून किनारपट्टीवरील घरासाठी काही सर्वसाधारण सूत्रे मांडता येतात. समुद्राकडील मुख्य दारासाठी चांगले वाळविलेले भरीव लाकूड आजही सर्वोत्तम आहे, कारण ते दुरुस्त करता येते. चौकटीच्या भिंतीकडील बाजूस संरक्षक द्रव्य लावावे आणि पाय जमिनीपासून थोडे वर ठेवावेत. न्हाणीघर व संडास यांसाठी डब्ल्यूपीसी योग्य ठरते, कारण तेथे पाणी अधिक आणि ऊन कमी असते. आतील खोल्यांच्या दारांसाठी चारही कडा बंद केलेले, बीडब्ल्यूपी प्रतीच्या चिकटद्रव्याचे फ्लश डोअर चालते. स्वयंपाकघरातील ओट्याखालील कपाटासाठी मरीन प्लायवूड वापरावे. तेथे एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड वापरणे म्हणजे एका गळक्या नळाच्या भरवशावर कपाट उभे करणे होय. एमडीएफ हे भिंतीपासून सुटे, जमिनीपासून वर असलेल्या, रंगविलेल्या फर्निचरपुरते मर्यादित ठेवावे.

खरेदी करताना केवळ ‘मरीन’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ हा शिक्का पुरेसा मानू नये. फलकावर आयएस क्रमांक, भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का, हे पाहावे. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. शंका असल्यास फलकाचा लहान तुकडा पातेल्यात काही तास उकळून पाहावा. ही प्रयोगशाळेची कसोटी नव्हे, परंतु पापुद्रे सुटले तर निर्णय घेण्यास तेवढे पुरेसे असते.

७. आरोग्यविषयक बाजू :

लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये आणि फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले. एमडीएफ कापताना उडणारी धूळ लाकडी भुशापेक्षा अधिक बारीक असते आणि तिच्यावर रेझीनचा अंश असतो. रंध्याच्या ढलप्या पायाशी पडतात, एमडीएफची धूळ मात्र हवेत तरंगते व फुफ्फुसात जाते. पडवीत किंवा बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून काम करण्याची पद्धत या धुळीपुढे अपुरी आहे. योग्य मास्क, धूळ ओढणारे यंत्र आणि उघडी हवा या किमान गरजा होत. घरमालकाच्या दृष्टीने ‘ई-वन’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचे फलक निवडणे आणि काम झाल्यावर काही दिवस खोली हवेशीर ठेवणे हितकारक असते.

याच संदर्भात आणखी एक सवय धोक्याची आहे. सागाचे तुकडे चुलीत घालणे हा कोकणातील जुना व्यवहार आहे. प्लायवूड, एमडीएफ आणि विशेषतः डब्ल्यूपीसीचे तुकडे मात्र चुलीत अथवा न्हाणीच्या बंबाखाली कदापि जाळू नयेत. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड व अन्य विषारी वायू बाहेर पडतात.

८. कारागिरासमोरील प्रश्न :

गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. नांगर, गाडी, घर आणि देव्हारा हे सारे त्याच्या हातून घडत असे. बलुत्याची पद्धत मोडली तरी दारे-खिडक्यांचे काम त्याच्याकडे राहिले होते. आज तयार चौकट व तयार दार दुकानातून येते आणि सुताराकडे केवळ ते बसविण्याचे काम उरते. मोबदला कमी होतो, पण जबाबदारी कमी होत नाही. पहिल्याच पावसात दार फुगले तर बोल कारागिराला लागतो. फलक कोणत्या प्रतीचा होता, कड कोणी कोरी ठेवली, हे कोणी विचारत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश असून प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य यांची तरतूद आहे. अवजारे मिळणे स्वागतार्हच आहे. परंतु अवजारापेक्षा मोठी उणीव माहितीची आहे. फलकाची प्रत, कड, फट, बिजागरी आणि धूळ या पाच गोष्टींचे प्रशिक्षण स्थानिक हवामानाच्या संदर्भात मराठीतून मिळाले, तर कारागीर केवळ बसविणारा न राहता सल्ला देणारा होऊ शकतो. घरमालकाला कोठे साग, कोठे प्लायवूड आणि कोठे डब्ल्यूपीसी हे सांगू शकणारा माणूस दुकानात मिळत नाही. तो गावातच असावयास हवा.

या कामी महाविद्यालयांनाही भूमिका आहे. रसायनशास्त्र विभागास चिकटद्रव्ये व गंज, भौतिकशास्त्र विभागास प्रसरण व आर्द्रता, वनस्पतिशास्त्र विभागास स्थानिक लाकडे, वाणिज्य विभागास किंमत व आयुर्मान आणि मराठी विभागास सुतारकामाची बोलीतील परिभाषा, असे हे प्रत्यक्ष आंतरविद्याशाखीय अध्ययनाचे क्षेत्र आहे. जुन्या सुतारांचे ज्ञान त्यांच्या हयातीतच नोंदविले गेले नाही, तर मोकळे पॅनेल का ठेवीत, हे सांगणारा कोणी उरणार नाही.

निष्कर्ष :

१. कृत्रिम लाकूड हे लाकडाचे स्वस्त अनुकरण नसून भिन्न गुणधर्मांची स्वतंत्र सामग्री आहे. तिचे अपयश बहुधा तिला लाकूड समजून हाताळल्यामुळे येते.

२. लाकडाचे चलन आर्द्रतेने रुंदीत, तर डब्ल्यूपीसीचे चलन उष्णतेने लांबीतही होते. एमडीएफचे फुगणे परत न फिरणारे असते. कारागिरीचे नियम या तीन वस्तुस्थितींवर आधारले पाहिजेत.

३. आरे-वारेसारख्या किनारी परिसरात कडा बंद करणे आणि गंजरोधक लोखंडी सामान वापरणे या दोन बाबी फलकाच्या किमतीइतक्याच निर्णायक आहेत.

४. ‘मरीन’ हा शब्द नव्हे, तर मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक हा दर्जाचा पुरावा होय.

५. कारागिराचे आरोग्य आणि प्रशिक्षण यांचा विचार केल्याशिवाय पर्यायी सामग्रीचा प्रसार हा वनसंरक्षणाच्या दृष्टीने कितीही इष्ट असला, तरी अपूर्णच राहील.

सारांश, जंगल वाचविण्यासाठी पर्यायी सामग्री स्वीकारणे अपरिहार्य आहे. परंतु दोन-तीन पावसाळ्यांत फेकून द्यावे लागणारे दार जंगल वाचवीत नाही, ते केवळ कचरा वाढविते. जे दार टिकते तेच खऱ्या अर्थाने पर्यावरणपूरक असते, आणि ते टिकविण्याचे सामर्थ्य कारखान्याइतकेच सुताराच्या जाणत्या हातात आहे.